पुढची दोन चाकं

बाबा, काल एक माणूस आपली मोटार बघायला आला होता. कल्याणचा. जुन्यापुराण्या मोटारी विकत घ्यायच्या आणि महिनोन् महिने खपून पुन्हा उभ्या करायच्या, असा त्याला नाद आहे. "छंद आहे आजी माझा," म्हणाला, आणि मला हसूच फुटलं. तुमच्या ह्याच छंदाला आईनं जे नाव ठेवलं होतं ते कागदावर लिहिण्याजोगं नाही. पडवीतली ताडपत्री आम्ही दोघांनी मिळून ओढून काढली. आतून दोन कोंबड्या आणि ढीगभर धूळ निघाली. त्यानं काल जे दाखवलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही, आणि सांगण्यासारखं माणूस तुमच्याशिवाय कोणी नाही.

ती मोटार आली तेव्हा लढाई चालू होती. शहापूरच्या लाकडाच्या ठेकेदारानं लॉरी घेतली आणि ही जुनी मोटार जांभळीखाली टाकून दिली. तिच्या गादीत उंदरांचा संसार होता. तिची चाकं लाकडी होती, आपल्या बैलगाडीसारखी आऱ्यांची, आणि तीच बघून तुम्ही भुललात. मुरबाडात चाक म्हटलं की तुमचंच घर. तुमची गाडी घाटाखाली कुठंही ओळखू यायची, कारण ती खडखडत नसे. तर तुम्ही त्या ठेकेदाराला दोन नव्या बैलगाड्या करून दिल्यात आणि ही मोटार बैलांनी ओढत घरी आणलीत. आई दारात कपाळाला हात लावून उभी. "दोन चालत्या गाड्या देऊन एक मेलेली आणली गो बाय! ह्याला काय म्हणावं?" तुम्ही म्हणालात, "चहा टाक."

त्याच साली मी सासर सोडून आले. पहाटे निघून टोकावड्याकडून पायी आले, पायात चप्पल नाही, डोळ्याखाली काळंनिळं. आई रडायला लागली, शेजारणी जमल्या. तुम्ही मोटारीच्या दाराशी बसला होतात. माझ्याकडे नीट बघून घेतलंत, काही विचारलं नाहीत, एक काचकागदाचा तुकडा पुढं केलात आणि म्हणालात, "हे घास. उभं नाय, आडवं नाय, रेघेरेघेनं." मी तिथंच बसकण मारली आणि संध्याकाळपर्यंत ते दार घासलं. मला आयुष्यात कोणी काही दिलं असेल तर तो काचकागद. गावात पोरीच्या हातात रंधा देणारा बाप दुसरा नव्हता, आणि लोक तसं तोंडावर बोलूनही दाखवायचे.

चाकांसाठी तुम्ही तिवसाचं लाकूड आणलंत, डोळखांबच्या रानातलं. बैलगाडीचा आरा थोडा ओला असला तरी चालतो, वरची लोखंडी धाव त्याला आवळून धरते. मोटारीचा आरा हाडासारखा सुका लागतो, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून ते सगळे आरे चुलीवरच्या माळ्यावर चढले आणि दोन पावसाळे तिथंच राहिले. आईच्या भाकरीचा धूर खाऊन काळे पडले. एकदा कौल सरकलं आणि त्यांच्यावर पाणी ठिबकलं, तेव्हा तुम्ही माझ्यावर एवढे ओरडलात की मी दचकून पीठ सांडलं. "ह्याला पान्याचा थेंब लागता कामा नाय! किती वेळा सांगू?" संध्याकाळी मात्र स्वतःच्या ताटातला मासा माझ्या ताटात टाकलात.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला माहीत होतं. तुम्ही एकदाच बोलला होतात, आरा तासता तासता. "तुला पुढं बसवून त्यांच्या दारावरनं नेनार. नाकावर टिच्चून. बघू दे त्यांना, माझी पोर वाऱ्यावर पडलेली नाय." मी ढलप्या गोळा करत राहिले. पण त्या दिवसापासून मीही त्या मोटारीसाठी वेडी झाले.

चैत्रात चाकं तयार झाली. मागची दोन बसवून झाली होती, पुढची दोन भिंतीला टेकून होती, आणि तुम्ही टायर शोधायला शहापूरला गेलात. चार दिवस तुमचा पत्ता नाही. ऊन असं की अंगणात पाय ठरेना. गावातले गाडीवान आपापली चाकं नदीच्या डोहात बुडवून ठेवत होते, उन्हाळ्यात ठेवतातच, लाकूड फुगतं आणि चाक घट्ट होतं. आणि मला वाटलं, बघा कसं माझं शहाणपण, की मोटारीच्या नादात बाबा एवढी साधी गोष्ट विसरले. थेंब लागू द्यायचा नाही हे मला आठवत होतं. पण तेव्हा ते लाकूड होतं, आता चाक झालं, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं. धुण्याच्या निमित्तानं एकेक चाक ढकलत नदीवर नेलं, वर दगड ठेवला, दिवसभर बुडवून ठेवलं. संध्याकाळी हात लावून बघितलं तर दगडासारखी घट्ट! काय आनंद झाला होता मला! तुम्ही येईपर्यंत ती वरून सुकली होती. तुम्ही घाईत होतात, आल्या आल्या रंग दिलात.

ठेकेदाराच्या ड्रायव्हरनं इंजिन चालू करून दिलं, तुम्हाला चालवायला शिकवलं, आणि पंधरा दिवसांनी आपण निघालो. मी पुढं, आईचं लुगडं नेसून. तुम्ही धुतलेली टोपी घातली होती आणि भोंपू वाजवायची तुम्हाला लाज वाटत होती, म्हणून तो मी वाजवत होते. सरळगावपर्यंत पोरं मागं धावली. मग सासरचं गाव येतं. विहीर येते, विहिरीवरच्या बायका उभ्या राहतात, माझी सासू हंडा खाली ठेवते. आणि तिथंच, त्यांच्या दारासमोर, पुढचं डावं चाक करकरतं, आरे सुटतात आणि मोटार तोंडावर बसते.

कोणाला लागलं नाही. पण हसणं ऐकू येत होतं. माझा सासरा त्याची बैलगाडी घेऊन आला, मोटार ओढायला. ती गाडी तुमच्याच हातची. तो चाकावर थाप मारून म्हणाला, "सोयरे, हे पन तुमचंच चाक. सोळा वर्सं झाली, हललं नाय. मग आज काय झालं?" मागून सासू बोलली, "पोरीचा हात लागला आसंल, दुसरं काय!" तुम्ही वाकून त्या सुटलेल्या आऱ्याकडे बघितलंत. टोक बोटानं पुसलंत. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "तिचा कशाला? माझा हात गेला. वय झालं."

मी तुमच्या शेजारी उभी होते; भिजून फुगलेले आरे सुकताना आकसून सैल झाले, हे मला तिथंच कळलं. "मी भिजवली," हे दोन शब्द जिभेवर होते. बोलले नाही. त्या बायकांसमोर बोलायची छाती झाली नाही. आणि घरी आल्यावर भीती वाटली की तुम्ही माझ्या हातातला रंधा काढून घ्याल. जगात माझी किंमत फक्त तुमच्या डोळ्यांत होती, ती घालवायला मी तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी तुम्ही पडवीत बसून ते चाक उघडलंत, आत बघितलंत, तसंच बंद केलंत आणि मोटारीवर ताडपत्री टाकलीत. चाकाचं गिऱ्हाईक आलं की सांगायचात, "मी सोडलं ते. आता पाट, पाळणे, दारं करतो." मरेपर्यंत तुम्ही एक चाक केलं नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला खरंच वाटतंय की तुमचा हात गेला. रोज सांगेन सांगेन म्हणत तुम्ही गेलात.

काल त्या माणसानं मागचं चाक दोन्ही हातांनी हलवून बघितलं. मग बोटानं वाजवलं. "आजी, हे अजून घट्ट आहे. एवढ्या वर्षांनी! कोणी केलं?" मी सांगितलं, वडलांनी. त्याला तुमच्याबद्दल किती आदर वाटला, ते तुम्ही बघायला हवं होतंत. मग त्यानं पुढच्या मोडक्या चाकाच्या नटांना तेल सोडलं, लोखंडी झाकण काढलं, आणि आऱ्यांच्या खाचांमधून नदीची वाळू त्याच्या तळहातावर पडली. चिमूटभर. त्यात एक बारीक शिंपलाही होता.

म्हणजे तुम्ही चाक उघडलंत तेव्हाही ती तिथंच होती, बाबा. बहुतेक विहिरीपाशीच तुमच्या बोटाला लागली होती. सगळ्या गावासमोर एकदा बोललात, हात गेला, आणि माझ्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून तो शब्द जन्मभर पाळलात. माझ्या हातातला रंधा तुम्ही काढून घेतला नाहीत. उलट दुसऱ्या दिवसापासून मला पाळण्याचे पाय करायला शिकवलंत.

तो माणूस विचारत होता, "चाकात वाळू कशी काय आली?" मी म्हणाले, "काय माहीत बाबा."