मिस युलाली आणि आजोबांचं अळणी पान

विंडवर्ड, कॅरियाकू
३ मे १९७२

तुझ्या मामाला माझं स्वप्न खोटं वाटतं! जन्म मी दिला, आणि हा मलाच साक्षीदार आण म्हणतो.

चि. व्हर्लिन हिस आजीचे आशीर्वाद. ब्रुकलिनची थंडी ओसरली असेल, तर हातमोजे काढून लिहायला बस.

आपलं गलबत, मिस युलाली, वाळूवर कलंडून पडलंय. तळाच्या फळ्या कुजल्या. तुझ्या पणजोबांनी ते याच वाळूवर बांधलं आणि बायकोचं नाव दिलं, म्हणून तिच्यासारखंच हट्टी. त्यांनी त्यातून त्रिनिदादला माणसं नेली. तुझ्या आजोबांनी चोरून व्हिस्की आणली. जकातवाला दिसला की मला गरोदर बाई म्हणून पिंपावर बसवायचे. एकदा खरीच गरोदर होते, आणि जकातवाल्यासमोरच कळा सुरू झाल्या. तुझी आई तिथंच झाली.

आता तुझा ऑस्बर्टमामा ते एका यॉटवाल्या गोऱ्याला विकतोय. तो म्हणे त्यात दारूचा गुत्ता काढणार. मी त्याला सांगितलं, तुझे बाबा स्वप्नात येऊन विकू नका म्हणाले. मेलेल्याचा शब्द आपल्या बेटावर कोण मोडतो? तर दुसऱ्या सकाळी हा म्हणतो, बाबा मलाही दिसले, विकून टाक म्हणाले! वर मला ऐकवतो, की तू सून म्हणून आलेली, रक्ताचा मी.

रक्ताची तूही आहेस. तर तुला काय स्वप्न पडलं ते कळव. काय पडायला हवं ते वर लिहिलंच आहे.

तुझी,
इस्मे आजी


ब्रुकलिन
२० मे १९७२

ती. आजीस व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

आजोबा खरंच आले गं. गलबताचं नावसुद्धा काढलं नाही. ताट पुढ्यात घेऊन कुरकुरत होते, की इस्मेने मीठ घातलंय, मी घरात शिरू कसा?

आपल्याकडे गेलेल्यांना अळणी वाढतात, मीठ लागलं की ते उंबऱ्याशीच अडतात, हे तूच मला शिकवलंस. मग ते तुझ्या आणि मामाच्या स्वप्नात कुठल्या दाराने आले? मी हसत नाहीये. थोडीशीच.

मामाला मारू नकोस. लोभ आहेच, तो ओरडण्यातून पोचला तरी चालेल.

तुझी,
व्हर्लिन


विंडवर्ड
९ जून १९७२

चांगली शोभा केलीस, पोरी! चष्मा फुटलाय, म्हणून तुझं पत्र ऑस्बर्टलाच वाचायला लावलं. मिठाशी आला आणि फडताळातल्या बरणीकडे बघू लागला. मीही.

चि. व्हर्लिन हिस आशीर्वाद, निम्मेच.

घातलं होतं मीठ. जन्मभर अळणी-अळणी म्हणून त्या माणसाने डोकं खाल्लं. पान वाढताना हात आपोआप बरणीत गेला. म्हणजे मायलेक दोघं खोटारडे.

मग बिनमिठाचं मटण आणि मक्याचं कूकू शिजवलं. पान गलबतातच मांडलं, शेजारी रम. ऑस्बर्ट राखणीला राहिला. सकाळी बघते तर हा कुजक्या फळ्या उचकटतोय! काय दिसलं ते सांगत नाही. मी विचारलं नाही. गोरा पैसे घेऊन आला, त्याला हा म्हणाला, ही माझी आजी आहे, आजी विकायची नसते. रम मात्र संपली होती. ती कोणी प्यायली, तेही मी विचारलं नाही.

ऑगस्टच्या गलबतांच्या शर्यतीआधी पाण्यात लोटायचंय. बळीचा बोकड बांधून ठेवलाय. गलबत लोटताना त्याच्या टेकूवर पहिली कुऱ्हाड रक्ताच्या माणसाची, म्हणजे तुझी. तेव्हा ये. आईलाही आण, म्हणावं तुझ्या जन्माची जागा दुरुस्त होतेय.

इस्मे आजी

ता. क. आजोबा पुन्हा आले तर सांग, बायको इथं आहे, ब्रुकलिनला काय हुंदडता? आता मीठ घालत नाही. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस, ऑस्बर्टनेही नाही. त्यांनीच द्यायचं, आणि माझ्याकडे येऊन.