धारवाला गुलाब

देवास

प्रिय उर्वी,

सगळ्यात आधी समोरच्या उमाबाई आल्या, त्याही चपलांत मोजे घालून, पाहुण्यांना पायाच्या भेगा दिसू नयेत म्हणून. मागून धारचे राजवर्धन भिया आणि त्यांची बायको विनीता. दोघांना गुलाबांचं भारी वेड. माझ्या झाडाची काडी उमाबाईंनी कुंडीत लावली होती ना, ते रोप या दोघांनी पाहिलं आणि मूळ झाड बघायला आले. असा गुलाब आता नर्सरीत मिळत नाही, नाव शोधून काढू म्हणाले. मी म्हटलं, आमच्यात याला धारवालाच म्हणतात. लग्नानंतर माहेरून, धारहून, ओल्या फडक्यात काडी गुंडाळून आणली होती, ट्रंकेत शालूच्या वर. शालू भिजला, सासूबाई बोलल्या, काडी मात्र जगली.

मी पोहे केले, वर शेव घातली. भियांनी दोनदा घेतले. विनीता पानं उलटी करून बघत होती, काट्यांवरून बोट फिरवत होती. मग विचारते, "आजी, वास कसा येतो याला?" आणि मला सांगता येईना बघ. देवाचं फूल हुंगायचं नसतं. इतकी वर्षं पहाटे खुडून वाहिलं, निर्माल्य काढेपर्यंत वास उरतोच कुठे? उमाबाई म्हणाल्या, थोडं अत्तर लावा आणि मोकळ्या व्हा. सगळे हसले. कितीतरी दिवसांनी चार कपबश्या एकदम विसळल्या मी.

नाव कळायला पुरतं उमललेलं फूल पाहिजे म्हणे. तेव्हा नुसत्या कळ्या होत्या, म्हणून काल परत आले. काल तर विनीता स्वयंपाकघरात पाटावर बसून माझ्याशी बोलत राहिली, तिच्या आईबद्दल, कशाकशाबद्दल.

फोनवर तुझा बाबा स्पीकर लावतो, म्हणून हे लिहून कळवते. मोठ्या अक्षरात काढलंय, तुला मराठी वाचायला जड जातं ना. काल फूल उमललं होतं गं, तळहाताएवढं. ते यायच्या आधी मी खुडून देवाला वाहिलं, देवघराचा पडदा ओढला आणि ते आल्यावर सांगितलं, अजून उमलायचंय. नाव कळल्यावर ते कशाला येतील? आता एकच टपोरी कळी राहिलीय. तू येणार असशील तर ते फूल झाडावरच राहू देईन. नाही आलीस तर माझा भरवसा नाही. रविवारी येतो म्हणालेत ते.

तुझीच लबाड
आजी