अण्णांचा राहिलेला बुधवार

प्रिय अण्णा,

सलाम.

गेलेल्या वडिलांना पत्र लिहावं का, हे आधी पाळकसाहेबांना विचारायला हवं होतं. पण ते बारामतीहून महिन्यातून एकदाच येतात, आणि मला तेवढं थांबवत नाही. ही प्रार्थना नाही, अण्णा. प्रार्थना मी प्रभूलाच करते. हे नुसतं पत्र आहे. एवढं सांगून टाकलं म्हणजे पुढे लिहिता येईल.

लिहायचं कारण पारूकाकू. आज बारामतीच्या बाजारात त्या मेथीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. मी बघून न बघितल्यासारखं करून पुढे जाणार होते. काय बोलणार होते मी? काशीनाथकाका आणि त्या आपली ख्रिस्ती मंडळी सोडून गेल्याला दोन वर्षं झाली. पण त्यांनीच हाक मारली.

"एस्तेर, अण्णा आमच्याकडं येनार व्हते नव्हं?"

मी मान हलवली.

"शिमोनतात्यांनी निरोप दिलाता. त्या बुधवारी चहाला दूध राखून ठिवलं म्या. ह्ये तर कामावर बी न्हाय गेलं." मग जुडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अण्णा तर गेलं. आता कोन येनार?"

मी म्हटलं, "बघते."

तुम्हाला हा शब्द किती नावडता होता, ते घरी येईपर्यंत वाटभर आठवत राहिलं.

आपल्या कन्हेरीतल्या घराच्या पडवीतली उपासना आठवते का हो तुम्हाला तिथे? आशीर्वाद द्यायचा तो पाळकांनीच, म्हणून तुम्ही कधी हात वर केला नाहीत. शेवटचं आमेन झालं की मांडीवरचं पवित्र शास्त्र मिटायचात आणि विचारायचात, "बरं, मग आता आठवडाभर काय करणार?" प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, आणि पुढच्या रविवारी झालं की नाही तेही सांगायचं. उपासना इथे होत नाही, ती सोमवारी रानात सुरू होते, असं तुमचं म्हणणं.

शिमोनतात्या दर वेळी म्हणायचे, "बैलाला मारनार न्हाय." आणि दर रविवारी मान खाली घालून, "मंगळवारपतुर निभावलं, अण्णा." सगळे हसायचे. तुम्ही हसत नव्हतात. म्हणायचात, "गेल्या खेपंला सोमवारीच सुटलं व्हतं. चाललंय की." सगुणाआत्या म्हणाल्या होत्या, "जावंला आधी सलाम करीन, पर ती सामनं आली तर." तुम्ही म्हणालात, "अट नको, सगुणाबाई. आन् 'बघते' बी नको. करनार का न्हाय, येवढंच बोला."

माझी पाळी सगळ्यांत शेवटी. मी कधीच काही बोलले नाही. बोललेलं मोडलं तर ते देवापुढे खोटं ठरेल, या भीतीनं ओठच उघडत नव्हते. तुम्ही थोडा वेळ वाट बघायचात आणि मग म्हणायचात, "र्‍हाऊ दे. पुढल्या खेपंला." एकदाही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं का? स्वराज्य आलं, मिशनच्या मडमबाई परत गेल्या, त्यांची शाळा बंद पडली, तेव्हा तुम्ही मला चुलीपुढच्या राखेत काडीनं अक्षरं काढून शिकवलीत. चुकलेलं अक्षर तळहातानं पुसायचात आणि "पुन्ना" म्हणायचात. तो तळहात मला फार आठवतो. मोसंबीच्या बागेतून आलात की त्याला सालीचा वास असायचा. मी अजून बाजारात मोसंबी उचलून वास घेते आणि परत ठेवते. विकणारी बाई रागावते.

पण अण्णा, एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर रुसले आहे. काशीनाथकाकांचा मुलगा तापानं फणफणला होता. आपण सगळ्यांनी प्रार्थना केली. तरी त्यांनी जाऊन ओढ्याकाठच्या देवापुढे नारळ फोडला. पोर बरं झालं, आणि मंडळीत कुणाला धड आनंदही करता येईना. त्या रविवारी तुम्ही सगळ्यांसमोर त्यांना उभं केलंत. "काशीनाथ, तुजा भरवसा कुनावर हाय?" ते एवढंच म्हणाले, "अण्णा, पोर माजं हाय." आणि चपला घालून गेले, ते कायमचे.

तेव्हा पोराच्या डोक्यावरून आधी हात का नाही फिरवलात? इतरांच्या बैलापर्यंत ज्यांची माया पोचायची, त्यांना हे कसं सुचलं नाही?

तुम्हालाही ते सलत होतं, हे मला उशिरा कळलं. शेवटच्या रविवारी सगळ्यांचं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आज माजं बी ऐका. बुधवारी म्या काशीनाथच्या घरी जाऊन बसनार. कायबी समजावनार न्हाय. नुस्ता बसनार." शिमोनतात्या त्याच संध्याकाळी निरोप घेऊन काटेवाडीला गेले.

सोमवारी तुम्हाला ताप भरला. बुधवारी दुपारी तुम्ही एकदम उठून बसलात आणि फेटा मागितलात. आई म्हणाली, "तापात बरळत्यात, धर त्यांना." मीच तुमचे खांदे धरून तुम्हाला निजवलं. तुम्ही दाराकडे बघत राहिलात. अण्णा, मला तो वार का आठवला नाही?

तुम्हाला माती देताना काशीनाथकाका आले होते. बाभळीखाली उभे राहिले. सगळे पांगल्यावर पुढे आले आणि मूठभर माती टाकून निघून गेले. मी मागे वळून पाहिलं, हाक मारली नाही.

आता वाचन मी करते. आमेन होतं आणि कुणी उठतच नाही. सगळे माझ्याकडे बघत बसतात. मग एकेक जण खाली बघत निघून जातो. दर रविवारी चटईवर जागा थोडी जास्त मोकळी दिसते. आई म्हणते, "वाचतीस ग्वाड. पर मानसांनी उठायचं कशावर?" पण जिनं कधी उत्तर दिलं नाही, तिनं तुमचा प्रश्न विचारायचा कोणत्या तोंडानं?

इथवर लिहून मी उठले होते, अण्णा. शिमोनतात्यांकडे जाऊन आले. ते बैलाला वैरण टाकत होते. मी म्हटलं, "तात्या, काटेवाडीला पारूकाकूंना निरोप द्याल? बुधवारी दूध राखून ठेवा म्हणावं."

"कोन येनार म्हनून सांगू?"

"मी."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "तू? तू तर आमेन बी कुनाला ऐकू जाऊ दीत न्हाईस." मग पेंढी तशीच टाकून घरात शिरले आणि टोपी घालून बाहेर आले. "आत्ताच जातो. उद्यापतुर तुजा ईचार बदलंल." आणि खरंच निघाले.

ते गेले आणि मी पुन्हा लिहायला बसले. काय बोलू तिथे? चूक तुमची होती म्हणू का? का त्यांना परत या म्हणू? मग तुमचं ते 'नुस्ता बसनार' आठवलं. हे पत्र लिहावं की नाही ते मलाही कळत नव्हतं, तरी राहवलं नाही म्हणून लिहिलं. पोर तापलेलं असताना काशीनाथकाकांना याहून वेगळं काय झालं असेल?

या रविवारी आमेन झालं की शास्त्र मिटून मी तुमचाच प्रश्न विचारीन, आणि पहिलं उत्तर माझं असेल. बुधवारी मी काशीनाथकाकांच्या घरी जाऊन बसेन. समजावणार नाही. त्यांच्या मुलाला जवळ घेईन आणि तुमचा राहिलेला चहा पिईन. पुढच्या रविवारी सगळ्यांपुढे सांगेन, झालं की नाही ते.

जाणार, अण्णा. बघते नाही.

तुमची,
एस्तेर