दोन फाटकांमधला ट्रक

११ नोव्हेंबर

अडकलो! मागे आमच्या देशाचं फाटक बंद, पुढे त्यांचं बंद, मध्ये ट्रक. ट्रकात पीठ, डाळ, तेलाचे डबे — आणि वन्सं.

नणंद माझी. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाल्या तरी हात शिवशिवतात. मदत पाठवणाऱ्या संस्थेला ड्रायव्हर हवा होता, वाटपाला एक बाई हवी होती. ह्यांनी आम्हा दोघींना ढकललं. म्हणाले, "एकदा तुमचं दोघींचं जमतंय का बघा तरी." लग्नाला तीस वर्षं झाल्यावर!

पलीकडे लढाई. गावंच्या गावं उठून माळावरच्या छावणीत आलीत. छावणी इथून दिसते. निळ्या ताडपत्र्या, चुली. धूर मात्र कुठेच नाही.

त्यांचं फाटक म्हणजे रंगवलेला एक आडवा बांबू अन् त्याला कुलूप. राखायला एक मिशीवाले पहारेकरी. "किल्ली साहेबांकडे," म्हणाले.

"साहेब कुठायत?"

"रजेवर. किल्ली खिशातच राहिली हो."

म्हटलं, परत जाऊ. आमचं फाटक लोखंडी, उंच, वर काटेरी तार. जाळीतून आमचा शिपाई म्हणाला, "बाई, तुम्ही देश सोडलात. पलीकडचा शिक्का आणा, मग आत घेतो."

"मग आत्ता आम्ही आहोत कुठे?"

बिचाऱ्याने मनापासून विचार केला. "तसं बघितलं तर — कुठेच नाही."

१२ नोव्हेंबर

कुठेच नसलेल्या जागीही पाठ दुखते. वन्सं सीटवर, मी पोत्यांवर. काय घोरतात! सांगितलं तर म्हणे, "मी? इंजिन असेल."

इंजिन बंद होतं.

ह्यांचा फोन. वाटलं, काळजीने केला असेल. "अंडी उकडायला पाणी किती घालू?"

१३ नोव्हेंबर

साहेब आले नाहीत. दुसरं काही नाही.

१४ नोव्हेंबर

भांडण झालं. कडाक्याचं! निमित्त चहा.

"तीस वर्षं पुचकट चहा करतेस, वहिनी."

"मग तीस वर्षं पिता कशाला?"

"दादाचं मन मोडायला नको म्हणून!"

मी स्टोव्हच विझवला. मिशीवाले बांबूवर रेलून ऐकत होते. म्हणाले, "आमच्या घरीही असंच आहे." दोघी एकदम ओरडलो, "तुम्ही गप्प बसा!" चार दिवसांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

तेवढ्यात छावणीतून एक बाई आली, कडेवर लेक. काही मागितलं नाही. नुसती ट्रककडे बघत उभी राहिली. पोरीने विचारलं, "आई, जेवणाची गाडी कधी येणार?"

"आली की. ती बघ."

"मग जेवण?"

आईने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. मला तर तिच्याकडे बघवेना.

वन्संनी आपला बिस्किटांचा पुडा बांबूवरून पोरीच्या हातात दिला. मग पुड्याकडे बघितलं. बांबूकडे. मग मिशीवाल्यांकडे.

"अहो, हा पुडा आत्ता तुमच्या देशात गेला ना?"

"गेला."

"किल्ली लागली?"

"...नाही."

"गाडी सोडू नका, असा हुकूम आहे. पोत्यांबद्दल काही बोललेत साहेब?"

मिशीवाल्यांनी मिशी कुरवाळली. "पोत्यांचा विषय निघाला नाही खरा."

मी तीन रात्री त्याच पोत्यांवर झोपले होते. डोक्यात आलं नाही! वन्संच्या आलं. बोलून दाखवणार नाही.

१५ नोव्हेंबर

कंबरेचा पार काटा ढिला झाला. दिवसभर बांबूखालून पोती सरकवत होतो. पलीकडे सगळी छावणी लोटलेली. वन्सं टपावर उभ्या राहून बसमधल्यासारख्या ओरडत होत्या — "पुढे सरका, पुढे सरका! दारात गर्दी नको!"

मिशीवाले सुरुवातीला पाठ करून उभे. "मी काही बघत नाही." मग मान वळवून, "अहो, कोपरे धरा, फाटेल!" मग बंदूक खाली ठेवली अन् पोतं पाठीवरच घेतलं. एक म्हातारी त्यांच्यावर खेकसली, "नीट धर! पीठ सांडतंय. आईने एवढंच शिकवलं का?" मिशा पांढऱ्याफटक. हसून हसून आमची वाट लागली.

ट्रक रिकामा झाला. दुपारी छावणीवर धूर दिसायला लागला. एकेका चुलीचा. वन्सं कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "वहिनी, चहा टाक. पुचकटच टाक."

१७ नोव्हेंबर

कोठडीतून लिहितेय. आमच्याच देशाच्या.

काल सकाळी छावणीवर बॉम्ब पडले. मिशीवाल्यांनी बांबू कुलपासकट उपटला. माणसं धावत आली, ट्रकात मावेनात, बाकीची मागून पळत. मिशीवाले पोरांना उचलून वर देत होते. शेवटचं दिसले ते तेव्हाच.

आमचं फाटक बंद. शिपाई ओरडत होता, "हुकूम नाही! हुकूम नाही!"

वन्सं म्हणाल्या, "घट्ट धर गं." अन् गाडी सरळ फाटकात घातली.

आता आमच्याकडचे साहेब विचारतायत, किती माणसं आत आली? कुठे गेली?

वन्सं म्हणतात, "मी ड्रायव्हर. मी समोर बघते."

मी सांगितलं, माझे डोळे मिटलेले होते.