डबी की नळी

पोंभुर्णा, मंगळवार, दिवेलागण

मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल अन् मेण, लिप बाम तर जमला. भरायचं कशात, एवढंच अडलं होतं. मले ती पत्र्याची गोल डबीच आवडली होती. नळी म्हणजे प्लास्टिक.

आज सासऱ्यांनी ती चुन्याची डबी समजून उघडली, बाम तंबाखूत मळला, बोट ओठाले पुसलं. म्हणाले, "ह्या चुन्याले जोरच नाई."

मी हसली. मग हसू थांबलं. उलटं झालं तर? कोणी चुनाच ओठाले फासला तर? इथी घरोघरी तशीच डबी आहे. विकायले नळीच घ्यायची, ठरलं.

चहा पिताना सासरे म्हणाले, "ओठ मऊ झाले, बाई. मले डबीतच दे."

दिली. झाकणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून.