सोवळ्यात लावलेला सेंट

३० ऑगस्ट, शनि. सेलू
पिंकीनं नागपूरवरून सेंट आणला. गुलाब आन् ऊद म्हणे. आधी ताजा गुलाब येते, मंग धुरकट लाकडासारखा जड वास. "मम्मी, थोडासाच लावजो, लई टिकते." पोळ्या करता करता सतरांदा मनगट हुंगलं. या वयात! हे म्हणतात, कोणाच्या लग्नाले?

उद्या आंजीले, महालक्ष्म्यांले. सासूबाई गेल्या तवा महालक्ष्म्या कोणाकडं बसवाव्या यावरून जाऊबाईंशी भांडली, तवापासून पाय ठेवला नाई. यंदा जाऊबाईंचाच फोन. "ये वं माय, पुरण तूच करजो." रडूच आलं मले.

१ सप्टें., सोम. आंजी
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी आंघोळ करून सोवळ्याची साडी नेसली. पिशवीत शिशी दिसली. साऱ्या बायका येणार, सेलूवाली कशी राह्यते पाह्यतील... लावला. नैवेद्य दाखवल्याबिगर आपण पुरणाचा वासबी घेत नाई, आन् मी! डोक्यात आलंच नाई. नाई, आलतं. वाटलं, वास उडून जाईल.

पुरण मी वाटलं, कणीक मी तिंबली. भासऱ्यांनी, ह्यांच्या मोठ्या भावानं, नैवेद्याचं ताट उचललं आन् थांबले. "अत्तराचा वास काऊन येऊन राह्यला? सोवळ्यात कोणी लावलं?" मी हात पदराखाली घेतले. बाईंनी माह्याकडं पाह्यलं. म्हणाल्या, "माह्या हातून गुलाबपाणी सांडलं."

घरचे मालकच ते, भर पाहुण्यांत बोलले बाईंले. "इतकी वर्सं करून राह्यली, अक्कल नाई आली?" नैवेद्य बाटला म्हणून बाई पुन्हा डाळ शिजवाले बसल्या. गुडघा धरून. जेवणं दिवेलागणीले झाली. मी वाढत होती, गुलाब दरवळून राह्यला होता.

२ सप्टें.
पूजा उठली. भासरे ह्यांले म्हणाले, "पुढल्या वर्सापासून तुमच्याकडं बसवा. हिच्यानं आता होत नाई." हे खूश. ज्याच्यासाठी भांडली तेच भेटलं, आन् कसं भेटलं! बाईंनी मुखवटे पुसून फडक्यात बांधून दिले. "सांभाळजो." तवातरी खरं बोलावं ना. मी मुखवटे घेऊन पिशवीत ठेवले. थू माह्या जिंदगानीवर.

४ सप्टें. सेलू
लिंबू लावलं, बेसन लावलं, वास गेला. पिंकीले सांगितलं. "मोठ्या आईले सॉरी म्हण ना, इतकं काय?" बाईंले तं माहीतच आहे वं. सांगाचं भासऱ्यांले आहे. आन् ह्यांले. हे तं मखराचं माप घेऊन राह्यले आतापासून.

६ सप्टें.
बाईंले फोन केला. काऊन असं केलं बाई? म्हणे, "ते तुले बोलले असते तं तू पुन्हा आली नसती." मी म्हटलं, भासऱ्यांले सांगू का? तं म्हणाल्या, "दूध उतू जाऊन राह्यलं, ठेवतो."

८ सप्टें., सोम. वर्धा बसस्टँड
ह्यांले काई सांगितलं नाई. मुखवटे मांडीवर, वापस द्याले. निघाच्या आधी भासऱ्यांले फोन केला, घरी आहा का म्हणून. "आहो ना, ये. तुह्यी जाऊ तं मुखवटे गेल्यापासून माह्याशी बोलतच नाई. काऊन रुसली काय माईत. तूच विचार तिले."

तूच विचार म्हणे!

आंजीची गाडी लागली.