बोकडाचं गाणं

सर, आज कुडाळच्या कॉलेजात मी पहिल्यांदाच ग्रीक नाटक शिकवलं आणि दिवसभर तुमची आठवण येत राहिली. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली.

आमच्या दहावीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर ‘ट्रॅजेडी’ लिहिलं होतं. फ्रेंच, जर्मन, इटालियन, रशियन, सगळ्यांनी हा शब्द ग्रीकांकडूनच घेतला, उच्चार थोडा फिरवला इतकंच, असं सांगून तुम्ही म्हणालात, “त्रागोस म्हणजे बोकड, ओदे म्हणजे गाणं. शोकांतिकेचं मूळ नाव बोकडाचं गाणं.” मी बाकाखाली तोंड घालून बें-बें केलं. वर्ग खो-खो हसला. तुम्ही मला उभं केलंत. “बोकडच का, ते विद्वानांनाही नक्की ठाऊक नाही. कुणी म्हणतं बक्षीस म्हणून बोकड द्यायचे, कुणी म्हणतं बळी द्यायचे. पण हसण्याआधी जरा विचार करावा माणसानं.” मला तुमचा भयंकर राग आला होता.

त्याच महिन्यात विजयदुर्गच्या बाहेर बाबांची होडी उलटली. बाबा गेले. चौथ्या दिवशी तुम्ही आमच्या दारात आलात. घर माणसांनी भरलेलं, आई भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसलेली, आणि मागच्या पडवीत शेळी सकाळपासून ओरडतेय. तिची कास तटतटलीय, कुणाच्या लक्षातच नाही. तुम्ही तांब्या मागता, बाह्या सारता. आई धडपडत उठते, “सर, तुमी कित्याक? मी काढतंय.”

“तू बस गो बाय. माका येता.”

शाळेत तुमच्या तोंडून मालवणी कधी ऐकली नव्हती. आणि तुम्हाला धार काढायला काही येत नव्हतं. शेळीनं लाथ झाडली, तांब्या तुमच्या पांढऱ्या शर्टावर उपडा झाला. आई हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, चार दिवसांत पहिल्यांदाच. तिचं रडून होईपर्यंत तुम्ही ओल्या शर्टानं तिथेच उकिडवे बसून राहिलात. मग तिनंच पदरानं तोंड पुसलं आणि उरलेलं दूध काढलं.

आज मीही वर्गात बक्षीस सांगितलं, बळी सांगितला. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” ते सांगायचं तर आईचं ते हसू सांगावं लागलं असतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुमच्यापाशी कबूल करते. मी घड्याळाकडे बघितलं आणि तास संपला म्हणाले. अजून दहा मिनिटं होती, सर.